समुद्रालगतचे सहा गुंठे

प्रश्न : यजमान नुकतेच निवृत्त झाले, वय 60. हाती 68 लाख आले आहेत. मालवणजवळ देवबागला अगदी समुद्राला लागून 6 गुंठे 42 लाखांना मिळताहेत. होम-स्टे काढावा म्हणतो, मुलगा नको म्हणतो. काय करावं? – एक वाचक, डोंबिवली

ताई, मुलाचं ऐका.

देवबाग म्हणजे एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली खाडी आणि मध्ये रेतीची चिंचोळी पट्टी. पावसाळ्यात लाटा रेती ओढून नेतात, हिवाळ्यात बरीचशी परत टाकतात. पण धरणांत गाळ अडला, खाडीतली वाळू उपसली किंवा बंदराच्या भिंतीने सरकती रेती अडवली, की परत येणारी रेती घटते. पुदुच्चेरीत बंदराचे बांध झाल्यावर उत्तरेकडची पुळण, म्हणजे रेतीचा किनारा, अशीच गेली. 1990 ते 2018 या काळात देशाचा जवळजवळ 34 टक्के किनारा झिजला, असं राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्राचं मोजमाप आहे.

एजंट म्हणेल, धूपप्रतिबंधक बंधारा होईल की! होईलही. पण दगडांवर आपटलेली लाट पायथ्याची रेती खणून नेते. जमीन वाचेल, पुळण जाईल. आणि तुमचे पाहुणे पुळणीसाठी येणार, दगड बघायला नाही.

विम्याचंही बघा. ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत वादळ, पूर, जमीन खचणं हे सगळं आहे, पण खचण्याच्याच कलमात किनाऱ्याची धूप वगळलेली आहे. आणि जमिनीचा विमा नसतोच. उद्या सातबाऱ्यावर सहा गुंठे राहतील, पायाखाली चार. शिवाय विरळ वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून 200 मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही. मग ते 42 लाख कशाचे?

त्यापेक्षा 30 लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवा. 8.2 टक्के दराने तिमाहीला 61,500 रुपये हाती येतील. चार-पाच लाख आजारपणासाठी बाजूला काढा. होम-स्टेची हौस असेलच, तर गावात आत एखादं जुनं घर दोन वर्षं भाड्याने घेऊन चालवून बघा. बांधलेलं घर काय, पुढेही घेता येईल.

तरीही मन त्या जागेतच अडकलं असेल, तर विसार देण्याआधी श्रावणी अमावास्येच्या उधाणाला तिथे जा. समुद्राकडच्या शेवटच्या माडाची मुळं उघडी पडलीत का, ते बघा.