दारूच्या नशेत आरडाओरड करणाऱ्या रुग्णाला लगेच झोपेचे इंजेक्शन द्यावे का?

आपण यवतमाळ जिल्ह्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रात नुकतेच रुजू झाला आहात आणि रात्री दारू पिऊन आलेला, शिवीगाळ करणारा रुग्ण आवरण्यासाठी लगेच झोपेचे इंजेक्शन द्यावे का, असे विचारले आहे. विदर्भातल्याच ग्रामीण रुग्णालयात काम करणारा डॉक्टर म्हणून मी सांगेन, की तोंडाला दारूचा वास येतो एवढ्यावरून निदान झाले असे मानू नये. रक्तातील साखर उतरली, ऑक्सिजन कमी पडला किंवा डोक्याला मार लागला, तरी माणूस असाच वागतो; म्हणून आधी साखर आणि ऑक्सिजन तपासावा, केसांतून हात फिरवून टेंगूळ किंवा जखम शोधावी. कपाशीवरच्या फवारणीच्या दिवसांत तर डोळ्यांच्या बाहुल्या आवर्जून पाहाव्यात. त्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असतील, लाळ आणि घाम सुटला असेल, तर दारूसोबत कीटकनाशक पोटात गेल्याची शंका घ्यावी. अंधुक दिसते ही तक्रारही बडबड समजून सोडू नये, कारण भेसळीच्या दारूत मिथेनॉल, म्हणजे दृष्टी घालवू शकणारे विषारी अल्कोहोल, असू शकते.

ही तपासणी करू देण्याइतका रुग्ण बहुधा बोलण्याने शांत होतो. सोबत आलेली गर्दी बाहेर काढावी, एकानेच बोलावे. "भाऊ, बस जरा, कुठं लागलं ते पाहू दे," असे हळू आवाजात पुन्हा पुन्हा म्हटले, की पुष्कळदा हात खाली येतो.

तरीही स्वतःला किंवा इतरांना इजा करण्याइतका आवरेनासा झाला, तर स्नायूत हॅलोपेरिडॉल (उत्तेजना शमवणारे औषध) 5 मि.ग्रॅ. द्यावे. डायझेपाम किंवा लोराझेपाम ही झोपेची औषधे पोटातल्या दारूच्या जोडीने श्वास मंदावतात, म्हणून नशेत ती टाळलेली बरी. मात्र दारू सुटून दोन-तीन दिवस झाले असतील, हात कापत असतील, अंगावर किडे चालल्याचे भास होत असतील, तर उपचार उलटा होतो: तिथे डायझेपाम किंवा लोराझेपाम हीच औषधे पहिली, आणि नुसते हॅलोपेरिडॉल फिट आणू शकते. दोन्ही प्रकारांत थायमिन (जीवनसत्त्व बी-1) द्यावे.

हातपाय बांधणे मला पटत नाही. नाइलाज झालाच तर थोडा वेळ, आणि पालथे कधीही नाही. शांत झालेल्या रुग्णाला कुशीवर ठेवून श्वास, नाडी आणि ऑक्सिजन वारंवार पाहावा. काही तासांत शुद्ध सुधारण्याऐवजी ढासळू लागली, तर सकाळची वाट न पाहता 108 बोलावून सी.टी. स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात पाठवावे.