हॉस्पिटलच्या शेजारी घर घ्यायचं, पण आत्ता नाही

प्रश्न: अमेरिकेत मिडवेस्टमधल्या चाळीसेक हजार वस्तीच्या गावात, कॅथलिक सिस्टर्सनी उभारलेल्या ना-नफा हॉस्पिटलमध्ये मी फार्मासिस्ट आहे. पगार 1 लाख 28 हजार डॉलर. नवरा घरूनच काम करतो. आम्ही 35 मैलांवरच्या शहरात भाड्याने राहतो. हॉस्पिटलपासून दहा मिनिटं चालत, 4 लाख 60 हजारांचं घर मिळतंय. बचत 95 हजार आहे. त्यातून 20 टक्के डाऊन पेमेंट भरून घर घ्यायचा विचार आहे. हॉस्पिटलची पेन्शन असल्यामुळे 403(बी)मध्ये, म्हणजे ना-नफा संस्थांच्या निवृत्ती-बचत खात्यात, मी पगाराच्या 3 टक्केच टाकते. हॉस्पिटल 6 टक्क्यांपर्यंत निम्मी रक्कम आपल्याकडून घालतं. 1 लाख 42 हजारांचं फेडरल शैक्षणिक कर्ज आहे आणि पीएसएलएफचे, म्हणजे ना-नफा किंवा सरकारी संस्थेत काम करणाऱ्यांचं उरलेलं कर्ज माफ करणाऱ्या सरकारी योजनेचे, 46 हप्ते मोजले गेलेत. एका मोठ्या साखळीशी विलीनीकरणाची चर्चा कानावर येते. काम मनापासून आवडतं, इथूनच निवृत्त व्हायचंय. घर घ्यावं का?

उत्तर: गावात राहायला जरूर जा, पण तूर्त भाड्याने. घराची खरेदी निदान विलीनीकरणाचा निकाल लागेपर्यंत थांबवा.

घर महाग आहे म्हणून मी हे म्हणत नाही. तुमचा पगार, तुमची पेन्शन, कर्जमाफी आणि आरोग्यविमा आजच त्या एका संस्थेवर अवलंबून आहेत. त्यात आता घराची किंमतही त्याच संस्थेवर टाकायला निघाला आहात, कारण चाळीस हजारांच्या गावात हॉस्पिटल हाच मोठा रोजगार असतो. ते आकसलं तर नोकरी जाईल त्याच महिन्यात शेजारची दहा घरंही विक्रीला लागतील. सगळं एकाच खुंटीला टांगायचं, तर आधी ती खुंटी हलवून पाहायला हवी.

सुरुवात पेन्शनपासून करते, कारण तुमच्या पत्रात सर्वांत निर्धास्त सूर तिच्याबद्दल आहे. अमेरिकेत खासगी कंपन्यांच्या पेन्शनला 1974च्या एरिसा कायद्याचं संरक्षण असतं. मालकाने पुरेसे पैसे बाजूला ठेवायचे, दरवर्षी हिशेब जाहीर करायचा आणि कंपनी बुडाली तर पीबीजीसी ही सरकारी संस्था ठरावीक मर्यादेपर्यंत पेन्शन देणार. धार्मिक संस्थांशी जोडलेल्या पेन्शनला, म्हणजे ‘चर्च प्लॅन’ला, यातलं काहीच सक्तीचं नाही. पूर्वी वाद होता की चर्चने स्वतः सुरू न केलेल्या, हॉस्पिटलनेच काढलेल्या योजनेला ही सूट मिळते का. जून 2017मध्ये ‘अ‍ॅडव्होकेट हेल्थ केअर नेटवर्क विरुद्ध स्टेपलटन’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की योजना कोणी सुरू केली याने फरक पडत नाही. चर्चशी जोडलेली, तीच योजना चालवण्याचं काम असणारी संस्था ती सांभाळत असली तरी सूट मिळू शकते.

या सवलतीचे परिणाम न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडी गावात लोक अजून सोसत आहेत. तिथलं सेंट क्लेअर्स हे कॅथलिक हॉस्पिटल 2008मध्ये बंद झालं. 2018मध्ये त्याचा पेन्शन फंडही कोसळला. 1,100हून अधिक निवृत्त कर्मचाऱ्यांपैकी काहींची पेन्शन पूर्ण गेली, काहींची कमी झाली. पीबीजीसीचा विमा नव्हता, त्यामुळे दाद मागायला कोर्टाशिवाय जागा उरली नाही. या लोकांनीही उभं आयुष्य मनापासून त्या हॉस्पिटलला दिलं होतं.

तुमच्या हॉस्पिटलचं असंच होईल असं मला सुचवायचं नाही. कितीतरी चर्च प्लॅन भक्कम आहेत, आणि काहींनी आपणहून एरिसा स्वीकारला आहे. पण तुमचा कुठला, हे तुम्हाला ठाऊक असायलाच हवं. एचआरला लेखी विचारा: ही योजना चर्च प्लॅन आहे का, असल्यास एरिसा स्वीकारला आहे का, देणं किती आणि त्यासमोर निधी किती, आणि विलीनीकरण झालं तर योजना चालू राहील की गोठवली जाईल. उत्तर मोघम आलं तर दुसरी वाट आहे. मोठ्या हॉस्पिटल संस्था बहुतेकदा करमुक्त रोखे काढून पैसा उभा करतात, आणि त्यांचे लेखापरीक्षित हिशेब ‘एम्मा’ या सार्वजनिक संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. त्यात पेन्शनवरची टीप आधी शोधा. मग हातातल्या रोकडीवर हॉस्पिटल किती दिवस चालू शकेल तो आकडा पाहा. हे वाचायला एक रविवार लागेल, आणि साडेचार लाखांच्या निर्णयाआधी तो द्यायला हवा.

विलीनीकरणाच्या बाबतीत एक गोष्ट निर्णायक आहे: नवा मालक ना-नफा आहे की नफ्यासाठी चालणारा? पीएसएलएफला 120 हप्ते लागतात आणि त्या काळात पात्र संस्थेत पूर्णवेळ काम. तुमचे 74 बाकी आहेत, म्हणजे 6 वर्षं 2 महिने. साखळी 501(सी)(3), म्हणजे करमुक्त ना-नफा संस्था, असेल तर मोजणी चालू राहील. नफ्याची कंपनी असेल तर त्या दिवसापासून थांबेल. बॉस्टनच्या आर्चडायोसीसचं, म्हणजे कॅथलिक धर्मप्रांताचं, कॅरिटास क्रिस्टी हॉस्पिटल-जाळं 2010मध्ये सर्बेरस या गुंतवणूक कंपनीकडे गेलं आणि ‘स्टुअर्ड’ झालं. स्टुअर्डने मे 2024मध्ये दिवाळखोरी जाहीर केली, आणि 1863पासूनचं कार्नी हॉस्पिटल त्याच ऑगस्टअखेर बंद झालं. मालकी बदलल्यावर दारावरचं संताचं नाव तुमच्या कामाचं राहत नाही.

मोजलेले 46 हप्ते मात्र तुमचेच आहेत. हप्ते सलग असावे लागत नाहीत, दुसऱ्या पात्र संस्थेत ते पुढे मोजले जातात. त्यासाठी मालकाचं प्रमाणपत्र दरवर्षी भरून घ्या, आणि या वर्षीचं विलीनीकरणाआधीच घ्या. अशी दुसरी संस्था तुमच्या गावात नसेल तर 35 मैलांवरच्या शहरात असेल. नोकरी बदलायला मोकळं राहण्याचं हे मोल घराच्या हिशेबात धरावं लागतं, आणि सहसा कोणी धरत नाही.

आता आकडे. 3 लाख 68 हजारांचं 30 वर्षांचं कर्ज साडेसहा टक्क्यांनी धरलं तर मुद्दल-व्याजाचा हप्ता सुमारे 2,326 डॉलर येतो. मालमत्ता कर, विमा आणि डागडुजी वेगळी. तीन वर्षांत विकायची वेळ आली तर तोवर मुद्दल फिटलेलं असेल जेमतेम 13 हजार. दलाली आणि इतर खर्च विक्रीच्या 6 टक्के धरला तर 27 हजारांवर जातो, आणि हेही भाव पडले नाहीत तर. शिवाय 95 हजारांतून 92 हजार भरल्यावर कागदपत्रांचा, म्हणजे क्लोजिंगचा खर्चही हातात उरत नाही. घरात पाऊल टाकाल तेव्हा आणीबाणीचा निधी शून्य असेल. विलीनीकरणाच्या तोंडावर ही अवस्था मला अजिबात मान्य नाही. वर्षभराने घर घेतलंत तरी 10 टक्केच भरा आणि थोडा काळ पीएमआय, म्हणजे डाऊन पेमेंट 20 टक्क्यांहून कमी असलं की भरावा लागणारा कर्जाचा विमा, सोसा.

रोजचा प्रवास वाचवायची तुमची इच्छा रास्त आहे. आठवड्याला चार पाळ्या धरल्या तर वर्षाला जवळपास 13 हजार मैल होतात. आयआरएस या कर खात्याच्या 2025च्या मैलामागे 70 सेंट दराने 9 हजार डॉलर, पण त्यात गाडीची घट आणि विमाही धरलेला असतो, म्हणून मी निम्मेच मोजते. उरलेली कमाई झोपेची आणि हिवाळ्यातल्या अंधाऱ्या हायवेवरच्या सुरक्षिततेची आहे, ती पैशांहून मोठी आहे. आणि हे सगळं भाड्याच्या घरातही मिळतं. नवरा घरून काम करतो, त्यामुळे तुमचं हलणं सोपं आहे.

जवळ राहणाऱ्या कर्मचाऱ्यांना हॉस्पिटल घरासाठी मदत देतं का, तेही विचारा. काही संस्था माफ होणारं कर्ज देतात. माफ झालेली रक्कम बहुधा उत्पन्नात धरून तिच्यावर कर लागतो, आणि ठरावीक वर्षं आधी नोकरी सोडली तर ती परत मागतात. तुमच्या बाबतीत ही अट गळ्यात पडू शकते.

मूल व्हावं असा विचार असेल तर विमा योजनेचं पुस्तक नीट वाचा. कॅथलिक संस्थांच्या विम्यात गर्भनिरोधन, नसबंदी आणि आयव्हीएफ अनेकदा नसतं. तो त्यांच्या श्रद्धेचा भाग आहे आणि तुम्ही त्याचा मान राखता हे पत्रातून दिसतं, पण आयव्हीएफची एक फेरी हजारो डॉलर खाते. नवऱ्याच्या कंपनीचा विमा शेजारी ठेवून पाहा.

पुढच्या पगारापासून 403(बी) 3वरून 6 टक्के करा. हॉस्पिटलच्या वाट्याचे 1,920 डॉलर तुम्ही दरवर्षी सोडून देत आहात. त्या खात्यातले पैसे तुमच्या नावावर असतात, हॉस्पिटलचे घेणेकरी त्यांना हात लावू शकत नाहीत. पुढे वरच्या पदावर 457(बी) हे निवृत्ती-बचतीचं दुसरं खातं देऊ केलं तर मात्र जपून, ना-नफा संस्थांच्या 457(बी)तले पैसे कायद्याने संस्थेचेच राहतात आणि दिवाळखोरीत अडकतात. एचआरचं लेखी उत्तर आलं की मला पाठवा, योजनेचा निधी किती टक्के आहे ते पाहून घराचा आकडा पुन्हा मांडू.