प्रभाव नको, वाट दाखव

प्रिय विद्यार्थिनीस,

तुझ्या प्रबंधाचा आराखडा वाचला. अमेरिकन तत्त्वज्ञ आणि शिक्षणविचारक जॉन ड्यूईंचा जगभरचा प्रभाव, आणि नकाशावर टोकियो, बीजिंग, अंकारा, मुंबई असे ठिपके. ते जोडायचे कसे या विचाराने तू गोंधळली आहेस. चांगलंच आहे. न गोंधळणारे ‘ड्यूईंचा मोठा प्रभाव होता’ असं लिहून मोकळे होतात. कोणामार्फत, कधी, कशातून? वाट दाखवता येत नसेल तर प्रभाव म्हणायचं नाही.

प्रत्येक ठिपक्याचं एक कार्ड कर. रकाने चारच: माणूस कोण; ड्यूईंशी गाठ कुठे, कोणत्या साली; हाती काय आलं, म्हणजे वर्ग, पत्र, भाषांतर की पुस्तकाची प्रत; आणि घेणाऱ्याने त्यात काय बदललं. चौथा रकाना रिकामा राहिला तर कार्ड बाजूला ठेव. या हट्टापायी मला कारकून म्हणतात. म्हणोत बापडे! तोंडी परीक्षेत ‘त्यांनी हे वाचलं कशावरून?’ एवढ्या प्रश्नावर जाडजूड प्रबंध आडवे होतात.

चीन घे. 1919 मध्ये ड्यूई शांघायला उतरले ते हू शी, ताओ शिंगझी अशा, ड्यूई शिकवत त्या न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्यांच्या खटपटीने. काही दिवसांत तिथे विद्यार्थ्यांचं ‘चार मेचं आंदोलन’ पेटलं. ते ड्यूईंच्या खात्यावर मांडू नकोस. त्यांची बरीच व्याख्यानं हू शी चिनीत सांगत आणि लेखनिक टिपून घेत. या व्याख्यानांचा 1973 चा इंग्रजी संग्रह त्या चिनी टिपणांवरून परत इंग्रजीत आणलेला आहे. त्यातली वाक्यं ड्यूईंची म्हणून अवतरणात घातलीस तर माझं लाल पेन चालेल. ताओंचं कार्ड मात्र भरगच्च होईल. शिक्षण म्हणजे जीवन, हे सूत्र त्यांनी उलटं केलं, जीवन हेच शिक्षण, आणि 1927 मध्ये नानजिंगजवळ ग्रामीण शिक्षक घडवणारी शाळा काढली.

तुर्कस्तानात तारखाच बघ. शिक्षणाच्या एकीकरणाचा कायदा मार्च 1924 चा, ड्यूई पोचले उन्हाळ्यात. म्हणजे तो कायदा त्यांच्या प्रभावाचा नव्हे. संपलं.

बाबासाहेब 1913 ते 1916 कोलंबियात होते, ड्यूईंच्या वर्गांना बसले. 1936 च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये ते एका ठिकाणी ड्यूईंना नाव घेऊन आपले गुरू म्हणतात. दुसरीकडे, लोकशाही ही मुळात एकत्र जगण्याची रीत आहे, हे वाक्य ड्यूईंच्या 1916 च्या ‘डेमॉक्रसी अँड एज्युकेशन’मधून जवळजवळ शब्दशः येतं, नाव न घेता. पण लगेच बाबासाहेब सहमानवांबद्दलच्या आदराचं वाक्य जोडतात. ड्यूईंच्या त्या परिच्छेदात ते नाही. हा चौथा रकाना! तुझं निम्मं प्रकरण तिथेच आहे, आणि तू तिथे दोन ओळी खर्चून मेक्सिकोला निघालीस.

मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात बाबासाहेबांच्या संग्रहातली ‘डेमॉक्रसी अँड एज्युकेशन’ची प्रत आहे, अधोरेखनांसकट. पानांचे आकडे टिपून घे. पण नुसत्या रेघेवरून साल ठरवू नकोस.

हू शी आणि बाबासाहेब 1915-16 मध्ये एकाच विद्यापीठात होते. त्यांची ओळख होती, हे लिहायचा मोह तुला होणार, मलाही होतो. पत्र किंवा हजेरीची नोंद हाती नसेल तर ते लिहायचं नाही.

आधी ताओ आणि बाबासाहेब, ही दोनच कार्डं पाठव. जेवणखाण सांभाळून कर.

तुझे सर