‘माझ्याच नावाची’ला शब्द कोणता?

एका वाचक भगिनींचा प्रश्न आला आहे : “आमच्या कार्यालयात माझ्याच नावाची एक सहकारी नव्याने आली. हिंदी बोलणारी मैत्रीण लगेच म्हणाली, ‘ही तुझी हमनाम’. मराठीत काय म्हणायचं? नामसाधर्म्य, नामराशी, नामबंधू असे तीन शब्द मला सुचवले गेले. यातला बरोबर कोणता? आणि बाईला ‘बंधू’ कसं म्हणायचं?”

आधी थोडक्यात उत्तर देतो. लिहिताना पुरुषासाठी ‘नामबंधू’ आणि स्त्रीसाठी ‘नामभगिनी’ वापरा. बोलताना मात्र तुम्ही प्रश्नात जे लिहिलंत तेच म्हणा, ‘माझ्याच नावाची’.

‘नामसाधर्म्य’ हा शब्द चांगला आहे, पण तो माणसाला लावता येत नाही. सधर्म म्हणजे ज्यांचा गुण एकच आहे असे, आणि त्यावरून झालेलं भाववाचक नाम म्हणजे साधर्म्य. म्हणून ‘आमच्यात नामसाधर्म्य आहे’ हे बरोबर, ‘ती माझी नामसाधर्म्य आहे’ हे चूक. हल्ली ‘नामसाधर्म्यता’ही छापलेलं दिसतं. ते कृपा करून लिहू नका. ‘साधर्म्य’ आधीच भाववाचक आहे, त्याला पुन्हा ‘ता’ लावणं म्हणजे ‘सौंदर्यता’ लिहिण्यासारखं.

‘नामराशी’ या अर्थाने हिंदीत चालतो. मराठीत तो ज्योतिषाचा शब्द आहे. जन्मवेळ माहीत नसली की नावाच्या आद्याक्षरावरून जी रास धरतात ती नामरास. सत्तावीस नक्षत्रं, प्रत्येकाचे चार चरण, अशी १०८ चरणाक्षरं त्यासाठी ठरलेली आहेत. एका राशीला त्यातली नऊ येतात, त्यामुळे एका नामराशीत शेकडो निरनिराळी नावं बसतात. नाव एक असण्याशी त्याचा संबंध नाही.

राहिला ‘नामबंधू’. गुरुबंधू, धर्मबंधू यांच्याच घडणीचा हा शब्द. एका गुरूचे शिष्य ते गुरुबंधू, तसे एका नावाचे ते नामबंधू. गुरुभगिनी आपण सहज म्हणतो, मग नामभगिनी म्हणायलाही हरकत नाही. लिहिताना शेवटचा ‘धू’ दीर्घ, पण पुढे शब्द जोडला तर ऱ्हस्व : नामबंधू, पण बंधुभाव. ‘नावबंधू’ कानाला खटकतो, कारण ‘नाव’ हा झिजून आलेला घरगुती शब्द आणि ‘बंधू’ संस्कृतातून जसाच्या तसा घेतलेला.

इतकं झाल्यावरही मला वाटतं की खरा मराठी शब्द ‘माझ्याच नावाची’ हाच. त्यातला ‘च’ नीट पाहा. ‘माझ्या नावाचं पत्र’ म्हणजे मला आलेलं पत्र. ‘माझ्या नावाची पावती’ म्हणजे माझी पावती. पण ‘माझ्याच नावाची बाई’ म्हटलं की ती माझी कुणी नाही, फक्त तिचं नाव आणि माझं नाव एक आहे, हे एका अक्षरात कळतं.

मग या नात्यासाठी बोलीत रोजच्या वापरातला एकच घट्ट शब्द का रुळला नाही? माझं उत्तर असं की आपल्याला त्याची गरजच फारशी पडली नाही. एका नावाची दोन माणसं समोर आली की मराठी माणूस त्यांचं सारखेपण सांगत बसत नाही, त्यांना वेगळं करणारं काहीतरी नावाला जोडतो आणि पुढे जातो.

नारायण पेठेतल्या ज्या वाड्यात मी वाढलो तिथे तीन कुसुम होत्या. फोन फक्त मालकांकडे. फोन वाजला की मालकीणबाई उचलायच्या आणि पलीकडून ‘कुसुमला बोलवता का’ असं आलं की पहिला प्रश्न, “कुठली कुसुम?” मग चौकात येऊन हाक मारायच्या : “माडीवरची!” किंवा “मशीनवाली!” किंवा “ससूनची!” कुसुम हा शब्द हाकेत नसायचाच, तो उरलेल्या शब्दातच आलेला असे. माडीवरची कुसुम पालिकेच्या शाळेत शिकवायची. मशीनवाली दिवसभर पायमशीनवर पोलकी शिवायची, तिच्या दारात चिंध्यांचा ढीग असायचा आणि आम्ही मुलं त्यातून चेंडू बनवायला कापडं उचलायचो. ससूनची कुसुम परिचारिका होती. रात्रपाळीला निघताना ती दिंडी दरवाजा आवाज न करता लोटायची, आणि सकाळी बाकीच्यांची नळावर गर्दी असताना झोपायला जायची. तिघींची वयं जवळपास सारखी, पण दिवस मात्र इतके वेगळे की एकमेकींशी निवांत बोलायला त्यांना गणेशोत्सवच उजाडावा लागे. वाडा पडला, तिथे लिफ्टची इमारत झाली. शिकवणाऱ्या कुसुम आता कोथरूडला तळमजल्यावर राहतात. मला फोन करतात तेव्हा अजूनही सांगतात, “मी माडीवरची कुसुम बोलतेय.”

निवडणुकीचे १९६१चे नियम तयार करणाऱ्यांनीही हेच केलं आहे. दोन उमेदवारांचं नाव एकच असेल तर त्यांचा व्यवसाय किंवा राहण्याचं ठिकाण किंवा आणखी काही जोडून फरक दाखवावा, असा नियम आहे. माडीवरची म्हणजे ठिकाण, मशीनवाली म्हणजे व्यवसाय. हा फरक मतदाराच्या लक्षात आला नाही तर काय होतं ते २०१४ साली रायगडमध्ये दिसलं. सुनील तटकरे २,११० मतांनी हरले आणि त्यांच्याच नावाच्या अपक्ष उमेदवाराला ९,८४९ मतं पडली. ‘नामसाधर्म्याचा फटका’ हे शब्द तेव्हा घरोघर पोचले. २०१५ पासून मतपत्रिकेवर उमेदवाराचा फोटोही येऊ लागला.

आता व्याकरणातली एक गोष्ट, ती मला फार मोलाची वाटते. कुसुम म्हणजे फूल, नपुंसकलिंगी. तीन फुलं असतील तर ‘तीन कुसुमे’. बायका असतील तर ‘तिघी कुसुम’. फुलाला ‘कुसुमाला’, बाईला ‘कुसुमला’. विशेषनाम झाल्यावर शब्दाने आपलं सामान्यरूप सोडून दिलं. त्याहून सुंदर जोडी रामाची. ‘रामाने रावणाला मारलं’ आणि ‘रामने काल फोन केला’. ‘विठ्ठलाला तुळस वाहिली’ आणि ‘विठ्ठलला डबा दिला’. जुन्या बोलण्यात आणि खेड्यापाड्यांत माणसालाही ‘रामाला’ म्हणतात, पण आजच्या शहरी मराठीत देव आणि शेजारचा मुलगा यांच्यातला फरक एका काना-मात्रेवर येऊन ठेपला आहे. हा नियम कुणी बसून केलेला नाही. नामबंधू ओळखायची सोय भाषेने स्वतःच करून घेतली.

आणि ‘नाव’ हा शब्दच बघा. ज्याने हाक मारतात ते नाव आणि पाण्यावर चालते ती नाव. एक ‘नामन्’वरून आलं, दुसरी ‘नौ’वरून. पूर्वी पहिल्यावर अनुस्वार द्यायचे, ‘नांव’. १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढले आणि हे दोन शब्द दिसायलाही एक झाले. तरी घोटाळा होत नाही, कारण प्रत्यय लागला की ‘नावाला’ आणि ‘नावेला’, अनेकवचन झालं की ‘नावे’ आणि ‘नावा’. एकटे असताना सारखे, पुढे काही जोडलं की वेगळे. माणसांचंही तसंच.

पेशव्यांच्या पुण्यात हे किती सहज झालं होतं! माधवराव दोन. काका २७ वर्षांचे असताना १७७२ साली थेऊरला क्षयाने गेले. १७७४ साली पुरंदरवर जन्मलेल्या पुतण्याला त्यांचंच नाव ठेवलं. काका ‘थोरले’ झाले, पुतण्या ‘सवाई’. बाजीरावही दोन. पहिले ‘थोरले’, दुसऱ्यांना लोकांनी ‘रावबाजी’ म्हटलं. नावाचे दोन तुकडे नुसते उलटे लावले आणि नवा माणूस तयार! आणि दुसऱ्याचं नाव खोटं सांगून वावरणाऱ्यासाठी आपल्याकडे शब्दही आहे, तोतया. पानिपतावर गेलेल्या सदाशिवरावभाऊंच्या नावाने असा एक जण उभा राहिला आणि १७७६ साली त्याला मृत्युदंड मिळाला. ‘भाऊंचा तोतया’ पुणं विसरलेलं नाही.

पण मला सगळ्यात जास्त ओढ आहे ती एकोणिसाव्या शतकातल्या इथल्या बायकांच्या नावांची. थोरल्या माधवरावांच्या पत्नी रमाबाई थेऊरला सती गेल्या. पुढे ११० वर्षांनी, १८८२ साली, पंडिता रमाबाई पुण्यात आल्या. लहानपणापासून आईकडे संस्कृत शिकलेल्या, आईवडील दुष्काळात गमावलेल्या, नुकत्याच विधवा झालेल्या. त्यांनी इथे आर्य महिला समाज काढला, आणि त्याच्या सभांना येणाऱ्यांत दुसऱ्या रमाबाई होत्या, न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी. यांना अक्षरओळख लग्नानंतर नवऱ्याकडून झाली आणि घरातल्या बायकांची बोलणी खात त्या शिकल्या. एक पुढे इंग्लंडला आणि अमेरिकेला गेली, ख्रिस्ती झाली, केडगावला मुक्ती मिशन उभं केलं. दुसरीने पुण्यातच राहून १९०९ साली सेवासदन उभं केलं. मराठीने यांना कसं वेगळं केलं? एकीला नावाआधी ‘पंडिता’, दुसरीला नावापुढे ‘रानडे’. बाबासाहेबांच्या पत्नी रमाबाई यांना ते ‘रामू’ म्हणत, आणि लोकांनी त्यांना ‘रमाई’ केलं. तिथे ‘बाई’च्या जागी ‘आई’ आली.

आणि हे नाव सासरी मिळालेलं असे, हे विसरू नका. रमाबाई रानडे माहेरच्या यमुना. आनंदीबाई जोशी, १८८६ साली फिलाडेल्फियात डॉक्टर झालेल्या, त्याही माहेरच्या यमुनाच. या दोघी लग्नाआधी एकमेकींच्या नामभगिनी होत्या. मग एक रमा झाली आणि दुसरी आनंदी, आणि दोघींना नव्या नामभगिनी मिळाल्या. गोपाळराव जोश्यांनी ‘आनंदी’ निवडलं तेव्हा ते पुण्याच्या कानाला काही हलकं नाव नव्हतं. ‘ध चा मा’ करणाऱ्या म्हणून आख्यायिकेने ज्यांना बदनाम केलं त्या राघोबादादांच्या आनंदीबाईंचं ते नाव. डॉक्टर आनंदीबाई फेब्रुवारी १८८७ मध्ये याच पुण्यात वारल्या, बाविशीही पुरी नव्हती. सहा वर्षांनी, १८९३ साली, गोदूबाई नावाच्या विधवेने धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला आणि तिचं नवं नाव ठेवलं गेलं आनंदीबाई. ही गोदूबाई पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात दाखल झालेली पहिली विधवा, आणि डॉक्टर आनंदीबाईंच्या पदवीदानाला फिलाडेल्फियात हजर होत्या त्या याच पंडिता रमाबाई. कर्वे पतिपत्नींना लोक अण्णा आणि बाया म्हणत, म्हणून बाया कर्वे हे नाव ऐकलेल्यांना त्या आनंदीबाई होत्या हे सांगावं लागतं.

आज सासरी नाव बदलणं बरंच कमी झालं आहे. जोडण्याची रीत मात्र चालूच आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात शासकीय कागदपत्रांवर मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम आहे. ‘नाव लावणे’ हा वाक्प्रचार आता आईसाठीही वापरावा लागेल, आणि दोन नामबंधूंची आडनावंसुद्धा एकच निघाली तर त्यांच्यात फरक दाखवायला आई मदतीला येईल.

तुमच्या मैत्रिणीच्या ‘हमनाम’बद्दल माझी तक्रार नाही, शब्द गोड आहे. पण कार्यालयात तुम्हा दोघींच्या नावाला काय काय जोडलं गेलं ते मला वाचायला आवडेल. ‘हिशेबातली’ आणि ‘नवी’ असं काही असेल, तर वर्षभरानंतर ‘नवी’चं काय झालं तेही जरूर लिहा.