पाटी कोणाच्या हाती होती

चि. सई हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

दसऱ्याला आजीने दादरच्या घरी तुला पाटीवर सरस्वती काढायला लावली, तेव्हा शाळेत कोणी पाटी वापरत नसताना तिची पूजा का करायची, असे तू फोनवर विचारलेस. नुसते ‘प्रथा आहे’ म्हटले असते तर तू ऐकून घेतले नसतेस, म्हणून सविस्तर लिहितो.

एकाच्या आकड्यांची ती सरस्वती आपल्याला फार जुनी वाटते. परंतु दगडी पाटी बहुतेक खेड्यांत पोचली ती सरकारी शाळांबरोबर. त्यापूर्वी पंतोजींची शाळा देवळात किंवा एखाद्याच्या ओसरीवर भरे. तिथे मुले फळीवर धूळ पसरून काडीने अक्षरे गिरवीत, मोडी शिकत आणि पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी हे अपूर्णांकांचे पाढे एका सुरात घोकीत, कारण शेतसारा, व्याज आणि वाण्याचा हिशेब तोंडीच करावा लागे. पंतोजींना ठरावीक पगार नसे. धान्य, थोडे पैसे आणि सणावाराला मिळेल ते, यांवर त्यांचे चाले. छडीला मात्र तोटा नव्हता.

ही शाळा साऱ्या गावाची नव्हती, हे आपल्याकडे कौतुकाने बोलताना गाळले जाते. तिथे मुली नव्हत्या, अस्पृश्य ठरवलेल्या जातींची मुले नव्हती, आणि शेतकऱ्यांची फार थोडी होती. इंग्रज सरकारातील वुड यांच्या १८५४ च्या शिक्षणविषयक खलित्यानंतर मुंबई इलाख्यात शिक्षणखाते आले, पुढे शेतसाऱ्यावरच्या पट्टीतून लोकल फंडाच्या शाळा निघाल्या. तरीही रयतेच्या पैशावर वरच्या वर्गांचे उच्च शिक्षण चालते, अशी तक्रार जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगाकडे केली आणि निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी केली. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात ते मोफत आणि सक्तीचे केले, मूल न पाठवणाऱ्या पालकाला दंडही ठेवला. रत्नागिरी जिल्हा इंग्रजी अमलाखाली असल्याने तो कायदा आपल्या गावाला लागू नव्हता.

आपल्या गावची शाळा बरीच वर्षे देवळाच्या सभामंडपातच भरत होती. तिला स्वतःची इमारत मिळाली ती लालबाग-परळच्या खोल्यांत दाटीवाटीने राहणाऱ्या गिरणी कामगारांमुळे. गावाच्या मुंबईकर मंडळाने पगाराच्या दिवशी वर्गणी गोळा करून चिरे आणि कौले घेतली. तुझे पणजोबा त्या वर्गणीची वही सांभाळत, आणि ती मोडी लिपीत आहे.

तुझा,
बाबा