तान्ह्या बाळाच्या गुटीत वेखंड

प्रश्न : माझी मुलगी तीन महिन्यांची आहे. सासूबाई रोज अंघोळीनंतर तिला बाळगुटी देतात. परवा तिचं पोट दुखतंय म्हणून त्यांनी वेखंडाचे सहाणेवर उगाळायचे वेढे वाढवले आणि मधात कालवून चाटवलं. बाळाला दोनदा उलटी झाली. ‘आमची मुलं यावरच वाढली,’ असं त्या म्हणतात. वेखंड चालू ठेवू का?

उत्तर : ताई, नको. वेखंड आणि मध दोन्ही आजच थांबवा.

आधी मधाबद्दल. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नये, अगदी रानातला शुद्ध असला तरी. त्यात कधी कधी बोट्युलिझम या आजाराच्या जंतूंचे बीजाणू असतात. मोठ्यांना ते बाधत नाहीत. तान्ह्याच्या आतड्यात मात्र ते रुजतात, विष तयार करतात आणि अंग लुळं पडतं.

वेखंड म्हणजे आमची वचा. मी वैद्य आहे, मोठ्यांना ती मोजून देतेही. पण मात्रा वाढली की ती वांती करवते, हे आम्ही शिकतानाच शिकतो. शिवाय भारतीय वेखंडात बीटा-असारोन नावाचं रसायन भरपूर असतं. उंदरांवरच्या प्रयोगांत त्याने कर्करोगाच्या गाठी झाल्या म्हणून अमेरिकेने 1968 साली वेखंड खाद्यपदार्थांत वापरायला बंदी घातली. आणि वेढा हे काही माप नव्हे. सहाण खरबरीत असेल, हात जड असेल, तर तेवढ्याच वेढ्यांत दुप्पट उतरतं. जायफळाचंही तेच, त्याने बाळ शांत झोपलं असं वाटतं, पण ती गुंगी असते. सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाशिवाय काहीच नको, पाणीसुद्धा नको.

सासूबाईंना दुखवू नका. त्यांच्या हातात बाळाचं तेल-मालीश आहे, ते खुशाल चालू द्या. पोट धरलं की कोमट तेलाने बेंबीभोवती हलका हात फिरवावा, दूध पाजल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढावी. वेखंड कपड्यांच्या कपाटात ठेवा, कसर लागत नाही. त्याची पूड अंगाला लावू नका. ती बाळाच्या नाकातोंडात जाते. बंद खोलीत धुरीही नको.

पुन्हा उलट्या झाल्या, बाळ दूध ओढेना, रडणं क्षीण झालं, दोन-तीन दिवस शी झाली नाही किंवा मान पूर्वीपेक्षा सैल वाटली, तर लगेच बालरोगतज्ज्ञांकडे न्या. गुटीत काय काय उगाळलं आणि मध चाटवला होता, हे न लपवता सांगा. गुटीची डबीही सोबत न्या.