विचारा मेस्त्रीला: फेरेटचे बेव्हल बॉक्स का तापतात?

प्रश्न : माझा भाचा इंग्लंडला असतो, त्यानं तिकडं ब्रिटिश लष्कराची एक जुनी फेरेट चिलखती गाडी घेतलीय, बंदूक-बिंदूक काढलेली. डांबरीवरनं जरा लांब नेली की चाकाजवळचे बेव्हल बॉक्स, म्हणजे शाफ्टची फिरकी वळवून चाकाकडं नेणारे गिअरचे डबे, हात लावू देत नाहीत एवढे तापतात. मामा, कोल्हापुरात नवीन करून पाठवा म्हणतोय. जमंल काय? - एक वाचक, गोकुळ शिरगाव

उत्तर : थांबा की जरा, आधी टायर बघायला सांगा त्याला. फेरेटला डिफरन्शियल (दोन बाजूंची चाकं वेगवेगळ्या स्पीडनं फिरू देणारा गिअर) एकच, मधोमध, तिथनं पॉवर डावी-उजवीकडं जाते आणि एका बाजूची पुढची-मागची चाकं एकमेकांना बांधल्यासारखी एकाच स्पीडनं फिरतात. चिखलात हे झकास, चाक जरासं घसरतं आणि शाफ्टमधला पीळ सुटतो. डांबरीवर घसरायला वाव नाही, वळणावर पुढच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, मग पीळ साठत साठत सगळा बेव्हलच्या दातांवर येतो. त्यात पुढं नवा टायर आणि मागं झिजलेला असला तर सरळ रस्त्यावरही तीच गत. म्हणून एका बाजूचे दोन्ही टायर टेप लावून घेरानं मोजा, हवा सारखी ठेवा, ऑइल लेव्हल बघा, आणि अधनंमधनं गाडी कडेच्या गवतावर उतरवा.

आणि एक, फेरेटच्या चाकाचा रिम दोन तुकडे बोल्टनं जोडलेला असतो. हवा पूर्ण सोडल्याशिवाय ते नट ढिले करायचे नाहीत, जिवावर बेतंल.

आता स्पेअरचं. गाडी 1952 ते 1971 अशी बनली, चार हजारांवर, त्यामुळं माल अजून निघतो. इंजिन रोल्स-रॉइसचं बी60, सहा सिलिंडर, पेट्रोल. चार सिलिंडरचं बी40 आणि आठचं बी80 ही त्याचीच भावंडं, बरेच पार्ट एकमेकांना चालावेत म्हणूनच तशी काढलेली. जुन्या खोक्यावर 13 आकडी नाटो नंबर, म्हणजे लष्करी मालाचा स्टॉक नंबर, असतो, पहिल्या चार आकड्यांनंतर 99 असलं तर ब्रिटनचा. नावानं शोधण्यापेक्षा त्या नंबरानं शोधा.

बुश, पिना कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुठल्याही चांगल्या लेथवर होतील. हाउसिंगचं, म्हणजे बॉक्सच्या बाहेरच्या कवचाचं, कास्टिंगही होईल, पण जुना पीसच पॅटर्न (साचा उठवायचा नमुना) म्हणून वाळूत दाबला तर ओतीव लोखंड आकसून शेकड्याला एकभर लहान येतं आणि बेअरिंगचं घर चुकतं, तेव्हा पॅटर्नवाल्याकडनं आकसणं धरून नवा पॅटर्न करून घ्या, मशिनिंगला माल ठेवून. बेव्हल गिअरच्या मात्र नादी लागू नका राव. जोडी एकमेकांवर बसवलेली असते, वर हीट ट्रीटमेंट, एका गाडीसाठी तो खर्च परवडत नाही.

प्रश्न : पोरांना चाकाची चिलखती गाडी दाखवायचीय, रणगाडा नको. जवळपास कुठं? - शाहूपुरीतून

उत्तर : नगरचं, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचं, रणगाडा संग्रहालय, 1994 सालचं. तिथं रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्टच्या चॅसीवरची चिलखती कार आहे. पोरं रणगाड्यांकडंच पळणार, तरी एवढं वजन पेलणारी तिची चाकं आणि स्प्रिंगा तेवढ्या वाकून दाखवा.